फोनच्या कॅमेऱ्यात ‘२४ एमएम’ का लिहितात? ऑस्कर बार्नाक आणि ३५ एमएम फिल्मची गोष्ट

फोनमधला एखादा फोटो उघडा आणि त्याची माहिती बघा. तारीख, वेळ, मेगापिक्सेल आणि तिथेच कुठेतरी २४ एमएम किंवा २६ एमएम असा आकडा दिसेल. आता फोनची जाडी बघा. जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर. मग २४ मिलिमीटरची लेन्स आत मावली कशी?

मावलेली नाहीच! मुख्य कॅमेऱ्याच्या लेन्सची खरी फोकल लेंथ बहुतेक फोनमध्ये सहा-सात मिलिमीटरच्या आसपास असते. फोन फक्त एवढंच सांगतोय की, एका ठरावीक आकाराच्या फिल्मवर २४ एमएमच्या लेन्समधून जेवढं दृश्य आलं असतं, तेवढंच दृश्य या फोटोत आलंय. तो ठरावीक आकार म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा एक आयत. महागड्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत ज्याला फुल फ्रेम म्हणतात, तोच हा.

फिल्म गेली, रोल गेले, फोटो धुवून देणारी दुकानंही बहुतेक बंद झाली. तरी जगभरातले फोन अजून त्याच आयताच्या मापाने बोलतात. हा आयत रूढ केला तो दम्याने त्रासलेल्या एका जर्मन मेकॅनिकने. त्याचं नाव ऑस्कर बार्नाक. कॅमेरा लहान करताना कुठे थांबायचं, हा प्रश्न त्याने शंभर वर्षांपूर्वी सोडवला. आज फोन घेताना आपल्यासमोर तोच प्रश्न असतो, म्हणून त्याची गोष्ट समजून घेऊया.

दुर्बिणी बनवणारा मुलगा

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ चा. गाव लिनो, जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग भागातलं एक छोटंसं खेडं. पुढे कुटुंब बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डमध्ये राहायला आलं. शाळा संपल्यावर तो बर्लिनमधल्या एका कारागिराकडे शिकाऊ म्हणून लागला. तिथे खगोलशास्त्राची उपकरणं बनत. आकाशातल्या ग्रहांची गती दाखवणारी यंत्रं, दुर्बिणीचे भाग, असं सगळं बारीक काम. केसाएवढी चूकही चालायची नाही.

शिकाऊपण संपलं की जर्मनीत कारागीर गावोगाव फिरून काम करत, वेगवेगळ्या उस्तादांकडून शिकत. बार्नाकही असा फिरला. मग १९०२ मध्ये तो येना शहरातल्या कार्ल झाइस कंपनीत लागला. झाइस म्हणजे तेव्हाही लेन्सच्या दुनियेतलं मोठं नाव. आज काही फोनच्या कॅमेऱ्यावर जे झाइस लिहिलेलं दिसतं, तेच.

येनाच्या आजूबाजूला थुरिंगियाचं जंगल आहे. बार्नाकला तिथे भटकायची आणि फोटो काढायची प्रचंड हौस. अडचण दोन गोष्टींची होती, कॅमेऱ्याचं वजन आणि त्याची छाती.

एक फोटो, एक काच

तेव्हाचा हौशी फोटोग्राफर काय काय घेऊन फिरायचा ते बघा. बार्नाककडे १३ बाय १८ सेंटिमीटर काचेच्या प्लेटचा कॅमेरा होता. एका फोटोला एक काच. या काचा ठेवायला लाकडी होल्डर, प्रत्येकात दोन काचा. सोबत कॅमेरा उभा करायचा तिवई स्टँड. हे सगळं चामड्याच्या एका मोठ्या पेटीत भरायचं आणि चढ चढायचा. एवढं करून दिवसभरात फोटो मिळणार डझनभर.

ज्याला दमा आहे त्याच्यासाठी हा छंद म्हणजे शिक्षाच. दुसऱ्या कुणी छंद सोडला असता. बार्नाकने यंत्रच बदलायचं ठरवलं.

१९०५ च्या सुमारास त्याने पहिला प्रयोग केला. कल्पना साधी होती. काच तीच, पण तिच्यावर एका मोठ्या फोटोऐवजी ओळीने पंधरा-वीस छोटे फोटो घ्यायचे. म्हणजे एका काचेत पूर्ण दिवसाचं काम. नंतर हे छोटे फोटो मोठे करून छापायचे.

प्रयोग फसला. काचेवरचा चांदीच्या क्षारांचा थर खूप जाडाभरडा होता. फोटो मोठा केला की चेहऱ्याऐवजी रवाळ ठिपकेच दिसायचे. आपण फोनवर खूप झूम केल्यावर चित्राचा जसा लगदा होतो, तसंच काहीसं.

या अपयशातून त्याला एक गोष्ट पक्की कळली. कॅमेरा लहान करायचा तर फोटोही लहान होणार. लहान फोटो मोठा करून छापावाच लागणार. आणि तो किती मोठा करता येईल, हे कॅमेरा नाही, तर आतला रसायनाचा थर ठरवतो. त्याला जास्त बारीक दाण्याचा थर हवा होता. तो फोटोग्राफीच्या दुकानात नाही, सिनेमाच्या धंद्यात सापडला.

सिनेमाची पट्टी

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या इंजिनिअरने ईस्टमन कंपनीची ७० मिलिमीटर रुंद फिल्म मधोमध कापली. झाली ३५ मिलिमीटरची पट्टी. पट्टीच्या दोन्ही कडांना भोकं पाडली, प्रत्येक चित्रामागे चार. त्या भोकांमध्ये दातेरी चाक अडकतं आणि फिल्म न घसरता पुढे सरकते. सिनेमाचं प्रत्येक चित्र पडद्यावर शेकडो पट मोठं व्हायचं, त्यामुळे ही फिल्म बनवणाऱ्यांना दाणा बारीक ठेवावाच लागत होता.

ही पट्टी वाऱ्यासारखी जगभर पसरली. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, त्यासोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आणलं. फिल्म भोकांशिवाय यायची. दादरच्या घरात अंधारात बसून सरस्वतीबाई फाळके त्या पट्टीला भोकं पाडायच्या. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तो याच रुंदीच्या पट्टीवर. आणि जवळपास त्याच महिन्यांत जर्मनीत बार्नाक तीच पट्टी हातात घेऊन वेगळाच विचार करत होता.

तोपर्यंत त्याची नोकरी बदलली होती. येनामधला त्याचा सहकारी एमिल मेखाऊ वेट्झलर गावातल्या लाइट्झ कंपनीत गेला होता. त्याने बार्नाकचं नाव सुचवलं आणि १९११ च्या जानेवारीत बार्नाक तिथे प्रयोग विभागाचा प्रमुख म्हणून रुजू झाला. लाइट्झचा मुख्य धंदा होता सूक्ष्मदर्शकांचा. कॅमेरा हा काही त्यांचा प्रांत नव्हता.

बार्नाकला सिनेमाचंही वेड होतं. त्याने १९१२ च्या सुमारास ॲल्युमिनियमचा एक मूव्ही कॅमेरा स्वतः बनवला आणि गावातल्या घडामोडी चित्रित करायला लागला. पण तेव्हा प्रकाश मोजायचं भरवशाचं यंत्र नव्हतं. पूर्ण रीळ धुतल्यावर कळायचं की सगळं काळंकुट्ट आलंय. फिल्मचा छोटा तुकडा वापरून आधी अंदाज घेता आला तर बरं, या गरजेतूनही छोट्या कॅमेऱ्याच्या कल्पनेला जोर मिळाला असं सांगतात.

दुप्पट केलेली चौकट

आता मुद्द्याची गोष्ट. सिनेमाचं एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचं असतं. बार्नाकला तेच माप उचलता आलं असतं. आणखी छोटा कॅमेरा झाला असता, एका रोलमध्ये दुप्पट फोटो बसले असते.

त्याने तसं केलं नाही. त्याने पट्टी आडवी फिरवली आणि दोन चित्रांची जागा एका फोटोला दिली. झाला २४ बाय ३६. प्रत्येक फोटोमागे चारऐवजी आठ भोकं. आठ भोकांचं अंतर होतं ३८ मिलिमीटर. त्यातले ३६ फोटोला, उरलेले दोन मधल्या फटीला.

दुप्पट का केलं? कारण काचेवरचा प्रयोग त्याला आठवत होता. त्या जुन्या १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या तुलनेत २४ बाय ३६ चा आयत क्षेत्रफळाने २७ पट लहान आहे. तेव्हाच्या फिल्मवरून पोस्टकार्डाएवढा फोटो स्वच्छ यायचा तर नकारचित्र यापेक्षा लहान चालणार नव्हतं. म्हणजे त्याने शक्य तितका लहान आकार निवडला नाही. चालेल असा सगळ्यात लहान आकार निवडला. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण पुढची शंभर वर्षं याच फरकावर उभी आहेत.

असा विचार करणारा तो एकटा नव्हता. अमेरिकेत १९१३ च्या सुमारास टूरिस्ट मल्टिपल नावाचा कॅमेरा आला. तोही सिनेमाच्या पट्टीवर चालायचा. पण त्यात १८ बाय २४ च्या चौकटीत तब्बल ७५० फोटो बसायचे! ऐकायला भारी वाटतं. पण ७५० फोटो संपेपर्यंत पहिला फोटो कसा आला ते बघायचं कधी? बार्नाकच्या कॅमेऱ्याची फिल्म दीडेक मीटरची होती आणि पुढे त्यावर ३६ फोटो हा शिरस्ता पडला. आई-बाबांना विचारा, ३६ चा रोल म्हणजे काय ते लगेच सांगतील.

मार्च १९१४ पर्यंत त्याचा कॅमेरा तयार झाला होता. कार्यशाळेच्या नोंदीत त्याने त्याला लिलिपुट म्हटलं होतं, गलिव्हरच्या गोष्टीतल्या बुटक्यांच्या देशावरून. आज त्याला उर-लायका म्हणतात, म्हणजे आद्य लायका. धातूची बॉडी, दोन्ही टोकं गोलाकार, कोटाच्या खिशात सहज जाईल अशी.

एका फिरकीत तीन कामं

आकार लहान झाला हे अर्धंच काम. खरी गंमत आतल्या यंत्रणेत आहे.

तेव्हा बाजारात खिशात मावणारे कॅमेरे अजिबात नव्हते असं नाही. १९१२ मध्ये कोडॅकने वेस्ट पॉकेट नावाचा घडीचा कॅमेरा आणला होता. त्यात १२७ नंबरचा रोल जायचा आणि साधारण ४ बाय ६.५ सेंटिमीटरचा फोटो यायचा. पाठीमागे छोटी लाल काच. त्यातून रोलच्या कागदावर छापलेला आकडा बघत बघत फिल्म हाताने पुढे सरकवायची. सरकवायला विसरलात तर एकाच जागी दोन फोटो. लग्नातल्या नवरीच्या डोक्यावर बैलगाडी!

कोडॅकने १९१४ मध्ये आणखी एक मजेदार सोय आणली, ऑटोग्राफिक. कॅमेऱ्याच्या मागे एक छोटं झाकण. ते उघडून काडीने फिल्मच्या कडेला तारीख आणि जागा लिहायची. या पेटंटसाठी ईस्टमनने तीन लाख डॉलर मोजले होते. आज प्रत्येक फोटोला आपोआप चिकटणारी तारीख आणि लोकेशन आहे ना, तिची ही पणजी.

बार्नाकने वेगळा रस्ता धरला. त्याच्या कॅमेऱ्यात फिल्म गुंडाळायची एक गोल कळ होती. ती फिरवली की तीन गोष्टी एकदम व्हायच्या. फिल्म बरोबर आठ भोकं पुढे जायची. शटरची स्प्रिंग ताणली जायची. आणि फोटो मोजणारी तबकडी एका घराने सरकायची. फिल्म पुढे नेल्याशिवाय शटर ताणलंच जात नाही, म्हणजे एकावर एक फोटो पडायचा प्रश्नच मिटला.

आम्ही सॉफ्टवेअरवाले यावर खूप बोलतो. वापरणाऱ्याला सूचनांची यादी देऊ नका, रचनाच अशी करा की चूक करायला जागा उरणार नाही. बार्नाकने हे दातेरी चाकांमध्ये करून ठेवलं होतं.

सगळं काही पहिल्या फटक्यात जमलं नाही. शटर होतं कापडी पडद्याचं. पडद्यातली एक फट फिल्मसमोरून सरकत जाते आणि त्या फटीतून प्रकाश आत येतो. फट रुंद तर प्रकाश जास्त, अरुंद तर कमी. पण सुरुवातीच्या नमुन्यात कळ फिरवतानाही ही फट उघडीच राहायची. म्हणून दर वेळी लेन्सवर झाकण लावून मगच फिल्म पुढे न्यायची. पुढे बार्नाकने असे दोन पडदे केले की परत जाताना ते एकमेकांवर चढतात आणि फट बंद होते. झाकणाची कटकट गेली.

दहा वर्षांचा थांबा

१९१४ मध्ये कंपनीच्या मालकाचा मुलगा एर्न्स्ट लाइट्झ दुसरा हा छोटा कॅमेरा घेऊन अमेरिकेला जाऊनही आला. आणि मग पहिलं महायुद्ध सुरू झालं. बार्नाकने वेट्झलरच्या रस्त्यावर युद्धाची भरती जाहीर झाल्याचा क्षण टिपला. नुकताच जाहीरनामा चिकटवलेला सैनिक, आजूबाजूला लोक. १९२० मध्ये गावात पूर आला तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गल्ल्यांचे एकामागून एक फोटो त्याने काढले. मोठी पेटी आणि स्टँड घेऊन पुरात कोण फिरणार? हा कॅमेरा कशासाठी आहे, ते त्याच्या वापरातूनच दिसत होतं.

पण कॅमेरा विक्रीला येत नव्हता. युद्ध संपलं, जर्मनी हरली. १९२० मध्ये थोरले लाइट्झ वारले आणि कारभार मुलाकडे आला. १९२३ मध्ये महागाई इतकी भडकली की पगाराच्या नोटा घरी न्यायला टोपल्या लागत. सूक्ष्मदर्शकांचा धंदा डळमळीत होता आणि कामगारांच्या हाताला काम हवं होतं.

त्याच सुमारास पंचवीसच्या आसपास नमुने बनवून काही जाणकारांना वापरायला दिले गेले. त्यांना शून्य मालिका म्हणतात. प्रतिक्रिया संमिश्र आल्या. व्यावसायिक फोटोग्राफर मोठ्या काचांना सरावलेले होते. नखाएवढ्या फोटोवर विश्वास कसा ठेवायचा?

जून १९२४ मध्ये कंपनीत बैठक झाली. सूक्ष्मदर्शकवाल्या कंपनीने मंदीत कुणी न मागितलेला कॅमेरा बनवायचा का, यावर बराच वाद झाला. विरोध करणारे कमी नव्हते. शेवटी धाकट्या लाइट्झने धोका पत्करायचं ठरवलं आणि विषय संपवला. बार्नाक तेव्हा ४४ वर्षांचा होता. लिलिपुट बनून दहा वर्षं उलटली होती.

या निर्णयामागे आणखी एक माणूस उभा होता, माक्स बेरेक. कंपनीतला हा गणिती प्रकाशशास्त्रज्ञ. छोटा फोटो मोठा करायचा म्हणजे लेन्सची प्रत्येक खोडही मोठी होणार. त्यामुळे छोट्या फिल्मला मोठ्या कॅमेऱ्याहून जास्त तीक्ष्ण लेन्स लागते. बेरेकने ५० एमएम, एफ/३.५ ची लेन्स गणित करून घडवली. ती नळीसारखी बॉडीत ढकलता यायची, म्हणजे कॅमेरा खिशात सपाट बसायचा. बार्नाकचं यंत्र आणि बेरेकची काच, दोन्हीपैकी एक नसतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

१९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. नाव लायका, म्हणजे लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांचं जुळवलेलं रूप. शटरचा वेग १/२० ते १/५०० सेकंद.

सोयी एकेक करून आल्या

पहिल्या लायकात बऱ्याच गैरसोयी होत्या. समोरचा माणूस किती फुटांवर आहे ते नजरेने ठरवायचं किंवा वेगळं अंतरमापक वर लावायचं. फिल्म अंधाऱ्या खोलीत छोट्या डबीत गुंडाळून भरायची. कॅमेऱ्याची पाठ उघडत नसे, फिल्म खालून सरकवावी लागे.

मग एकेक सोय येत गेली. १९३० पासून लेन्स बदलता येऊ लागली. १९३२ च्या मॉडेलमध्ये अंतरमापक लेन्सशी जोडलं गेलं. लेन्स फिरवा, खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आल्या की फोकस बरोबर. त्याच वर्षी झाइस इकॉनने कॉन्टॅक्स हा प्रतिस्पर्धी आणला, १/१००० सेकंदाचं धातूचं शटर आणि निघणारी पाठ घेऊन. १९३३ मध्ये लायकाला एक सेकंदापर्यंतचे संथ वेग मिळाले. १९३४ मध्ये कोडॅकने १३५ नंबरची तयार डबी आणली. उजेडात भरा, फोटो काढा, डबी दुकानात द्या. आपल्याकडे घराघरांत ज्याला रोल म्हणायचे ती हीच डबी.

पॉल वोल्फ नावाचा डॉक्टर फोटोग्राफर झाला आणि त्याने दाखवून दिलं की नीट धुतलं तर या छोट्या फिल्मवरूनही मोठे, देखणे फोटो निघतात. १९३४ मध्ये लायकाच्या अनुभवांवरचं त्याचं पुस्तक आलं. तोवर सोव्हिएत युक्रेनमधल्या खारकिवमध्ये लायकाची नक्कल बनायलाही लागली होती.

१६ जानेवारी १९३६ ला बार्नाक वारला. वय ५६. बारा वर्षांनी, ३० जानेवारी १९४८ ला, आंरी कार्तिए-ब्रेसाँ नावाचा फ्रेंच फोटोग्राफर दिल्लीत महात्मा गांधींना भेटून आला. हातात लायका होता. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली आणि तो पुन्हा तिथे पोचला. त्या रात्रीच्या आणि अंत्ययात्रेच्या गर्दीत घुसून काढलेले त्याचे फोटो जगभर छापले गेले. स्टँड आणि काचेच्या पेट्या घेऊन त्या गर्दीत हे जमलं नसतं.

बाकीचे छोटे रोल कुठे गेले?

बार्नाकनंतर कित्येक कंपन्यांनी आणखी छोटे किंवा आणखी सोपे रोल आणले. काही महत्त्वाचे बघा:

• १२० नंबर: जुना आणि मोठा रोल. आपल्याकडच्या आगफा क्लिक थ्रीमध्ये त्यावर १२ चौकोनी फोटो यायचे, साधारण ६ बाय ६ सेंटिमीटरचे. मोठा न करता तसाच छापला तरी चालायचा. आजीच्या अल्बममधले छोटे चौकोनी फोटो बहुधा असेच आलेले असतात.

• मिनॉक्स, १९३८: फोटो ८ बाय ११ मिलिमीटर. बार्नाकच्या आयताच्या दहाव्या भागाएवढा. हेरगिरीसाठी प्रसिद्ध, पण अल्बमसाठी नाही.

• हाफ फ्रेम, ऑलिंपस पेन, १९५९: सिनेमाचीच १८ बाय २४ ची चौकट. ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो. पैशांची बचत, पण फोटो मोठा करताना मर्यादा.

• १२६, १९६३: कोडॅकची डबी कॅमेऱ्यात नुसती टाकायची, गुंडाळायची भानगड नाही. फोटो साधारण २८ बाय २८ मिलिमीटर.

• ११०, १९७२: तीच कल्पना खिशाच्या मापात, १३ बाय १७ मिलिमीटर. बार्नाकच्या आयताच्या साधारण चौथाई.

• डिस्क, १९८२: गोल चकतीवर १५ फोटो, प्रत्येक सुमारे ८ बाय १०.५ मिलिमीटर. वापरायला सगळ्यात सोपा, छापल्यावर सगळ्यात रवाळ.

• एपीएस, १९९६: डबी टाकली की बाकी सगळं कॅमेरा बघतो. आकार ३५ एमएमपेक्षा लहान. काही वर्षांतच डिजिटल आलं आणि हा मागे पडला.

सोयीच्या परीक्षेत यातले बरेच रोल ३५ एमएमपेक्षा पुढे होते. तरी टिकला ३५ एमएम. कारण गणित सरळ आहे. १० बाय १५ सेंटिमीटरचा नेहमीचा फोटो छापायला बार्नाकचा आयत साधारण चार पट मोठा करावा लागतो. ११० चा जवळपास नऊ पट. डिस्कचा बारा-चौदा पट. दाणा तेवढाच, वाढ मात्र तिप्पट.

दुसरीकडे ३५ एमएमला सोयी हळूहळू मिळत गेल्या. एका झटक्यात फिल्म पुढे नेणारा खटका, आपोआप ठरणारं शटर, १९७७ मध्ये कोनिकाचा ऑटोफोकस, १९८३ मध्ये डबीवरच्या पट्ट्यांवरून फिल्मचा वेग ओळखणारा डीएक्स कोड, मग मोटर. सोय नंतर जोडता येते. पण फिल्मचा आकार एकदा कापून टाकला की परत वाढवता येत नाही. बार्नाकने नेमकी हीच गोष्ट आधी पक्की केली होती.

मग फोन कसा जिंकला?

आता तुम्ही म्हणाल, आपल्या फोनमधला सेन्सर तर डिस्कच्या फोटोएवढाच असतो. बरोबर. चांगल्या फोनमध्ये मुख्य सेन्सर साधारण १० बाय ७ मिलिमीटरचा असतो, म्हणजे बार्नाकच्या आयताच्या बाराव्या भागाएवढा. मग हा का नाही फसला?

कारण फोटोला लागतो प्रकाश, आणि प्रकाश गोळा करायचे दोन रस्ते आहेत. एक, मोठी जागा. दोन, जास्त वेळ. फिल्मवर एका चौकटीला एकच संधी मिळायची, म्हणून जागा मोठी ठेवण्यावाचून इलाज नव्हता. फोन एका बटणावर भराभर पाच-दहा फोटो घेतो, ते एकावर एक बसवतो आणि त्यातला रवाळपणा सरासरी काढून पुसतो. जागेची कमतरता तो वेळेने भरून काढतो. रात्रीच्या मोडमध्ये फोन दोन-तीन सेकंद हलवू नका म्हणतो ना, ते याचसाठी.

पण ही उधारी आहे. समोरचं बाळ हललं, आरतीत ज्योत हलली, क्रिकेटचा चेंडू उडाला, की ते पाच-दहा फोटो एकमेकांशी जुळत नाहीत. मग फोनला काही भाग टाकून द्यावा लागतो किंवा अंदाजाने रंगवावा लागतो. अशा वेळी मोठा सेन्सर एका क्षणात जेवढं पकडतो, त्याला पर्याय नाही.

म्हणून फोन घेताना मेगापिक्सेलच्या आधी सेन्सरचा आकार बघा. स्पेसिफिकेशनमध्ये तो १/१.३ इंच किंवा १/२.८ इंच असा अपूर्णांकात लिहिलेला असतो. खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा. तीन-तीन कॅमेरे असतील तर प्रत्येकाचा वेगळा बघा. मुख्य सेन्सर मोठा आणि बाकी दोन पिटुकले, ही युक्ती फार चालते.

राहिला बार्नाकचा स्वतःचा कॅमेरा. शून्य मालिकेतला १०५ नंबरचा, व्ह्यूफाइंडरवर त्याचं नाव कोरलेला. जून २०२२ मध्ये वेट्झलरमध्येच त्याचा लिलाव झाला आणि कमिशन धरून त्याला १ कोटी ४४ लाख युरो मिळाले. पण त्याचा आयत मात्र फुकट वाटला गेलाय. तुमच्या फोनमधल्या कुठल्याही फोटोची माहिती उघडा, एमएमच्या त्या आकड्यात तो आहे.